डावा स्पीकर

कूलरसमोर ठेवू नका, असं दुकानदार तेव्हाच म्हणाला होता,
सीताबर्डीला, पावती फाडता फाडता.
पण मे महिन्यातल्या नागपुरात
कूलरसमोर नसलेली जागा म्हणजे
जिथे घरातलं कोणी बसतच नाही ती.

म्हणून एकोणीस उन्हाळे
खसाच्या ताट्यांचा ओलावा पीत
डावा स्पीकर खालच्या कोपऱ्यातून फुगत गेला.
सागवानी पापुद्रा उलटला
जुन्या रेशनकार्डाचा कोपरा उलटतो तसा.
वर चहाच्या कपाचं गोल,
जाळीच्या कापडावर मांजरीची चार नखं,
आणि कापडामागे, काळ्या टोपीच्या मधोमध
एक खळगा: गुंजनचा अंगठा, वय अडीच.
उजव्याला काही नाही. तो भिंतीकडे, कोरडा.

आवाज दोघांचाही ठणठणीत.
हे मुद्दाम सांगतो, कारण कुंदा रोज विचारायची,
"आवाज तर येऊन राहिला ना?
मग काहून एवढं?"

मी खापरखेड्याहून मार्चमध्ये निवृत्त झालो.
दोनशे दहा मेगावॅटचा संच बंद पडला की
फोन मलाच यायचा, रात्री दोनला.
आता फोन येत नाही.
मेडिकलवाल्याकडे सुई मागितली
तर त्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं.
"फेविकॉल भरायचाय," म्हणालो.
त्याने आणखीच पाहिलं.

पापुद्र्याखाली सुई घातली, थेंब थेंब.
वर ओलं फडकं, फडक्यावर कोमट इस्त्री,
इस्त्रीनंतर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन विटा.
रात्रभर.
पाण्याच्या निमित्ताने चारदा उठलो.

चहाच्या गोलाला खोबरेल आणि चिमूटभर राख.
ओरखड्यांना अक्रोडाचा गर,
उरलेला अक्रोड मी खाल्ला.
कडांना बुटाचं पॉलिश, गडद तपकिरी,
ऑफिसच्या बुटांचं, आता कशाला लागतंय.

कापड घेऊन पाचपावलीला गेलो,
मनिराम हेडाऊंकडे. कधीकाळी नऊवारी विणायचे.
माग विकला, आता मुलाच्या दुकानात
मोबाइलच्या कव्हरांखाली स्टुलावर बसतात.
त्यांनी कापड उजेडात धरलं,
डोळा बारीक केला.
"हे विणलं नाही जी, मशीननं गुंफलंय.
याला ना उभा धागा, ना आडवा."
तरी सुई काढली.
अकरा फासे. मी मोजले.
पैसे घेईनात. म्हणाले,
"याच्यातून ऐकता काय पण?"
"बातम्या," मी म्हणालो. "बहुतेक."
ते इतके हसले की
मुलाने गिऱ्हाईक सोडून इकडे पाहिलं.

खळगा शेवटी ठेवला होता.
शेजारच्या उमरेडकरांचा व्हॅक्यूम आणला,
नळीच्या तोंडावर कुंदाचा जुना मोजा,
लांबून, मग जवळून, मग अगदी जवळून.
टप्.
सतरा वर्षांचा खळगा, एवढ्याशा आवाजात संपला.
तिथे आता फक्त पुसट चंद्रकोर,
तीही बोट फिरवलं तरच कळते.
गुंजनला फोटो पाठवला. हैदराबादहून अंगठा आला,
पिवळा, छोटा, वर केलेला.

संध्याकाळी दोन्ही मांडले.
कुंदा कूलरमध्ये पाणी भरत होती,
पाइप हातात तसाच धरून बघत राहिली.
"आता उजवाच वाईट दिसून राहिला."

खरंच दिसत होता.
म्हणून त्याला पहिल्यांदाच भिंतीपासून ओढला,
फडकं मारलं.
भिंतीकडच्या बाजूला पेन्सिलने सात आकडे,
लँडलाइनचा नंबर, दोनाने सुरू होणारा,
कुंदाच्या अक्षरात.

"हा कोणाचा?"

तिने चष्मा लावून वाचला.
पुन्हा वाचला, ओठ हलले.
"नाही आठवत," म्हणाली,
आणि पाइप बंद करायला गेली,
जो केव्हाचा वाहत होता, बादलीबाहेर.

पॉलिशची डबी उघडी आहे.
अक्रोड दोन शिल्लक आहेत.
मी अजून सुरुवात केलेली नाही.